जपानने सूर्याची वेळ सोडली तेव्हा

१८७२ च्या शेवटी जपान सरकारच्या लक्षात एक भारी गोष्ट आली. पुढचं वर्ष त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे अधिक महिन्याचं होतं, म्हणजे आपल्याकडे अधिक मास येतो ना अगदी तेच, चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी कमी भरतं म्हणून दोन-तीन वर्षांनी एक जादा महिना घालून मेळ बसवायचा. आता पूर्वी सामुराई लोकांना वर्षाचं ठरलेलं धान्य मिळायचं, तेव्हा महिने बारा असोत की तेरा, काय फरक पडतो, पण नव्या सरकारने नुकताच महिन्याचा पगार सुरू केला होता. तेरा महिने म्हणजे तेरा पगार, आणि तिजोरीत तर खडखडाट! खजिन्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते ओकुमा शिगेनोबू यांनी पुढे उघडपणे सांगितलंय की कॅलेंडर बदलायची घाई झाली त्यात हा पगाराचा हिशोब होता.

मग काय, फर्मान निघालं, आणि तेही फक्त २३ दिवस आधी. बाराव्या महिन्याची तीन तारीख म्हणजेच १ जानेवारी १८७३. बारावा महिना दोनच दिवसांचा झाला, म्हणून त्याचाही पगार नाही. एका फटक्यात दोन पगार वाचले. पुढच्या वर्षाची पंचांगं छापून बसलेल्या लोकांचा माल रद्दी झाला, आणि गावोगावी वर्षअखेरीला उधारी चुकती करायची जी रीत होती तिची मुदत अचानक महिनाभर अलीकडे येऊन आदळली.

औद्योगिकीकरण म्हटलं की आपण धुराडी, रेल्वे, कोळसा एवढंच बोलतो. माझं मत जरा वेगळं आहे. झपाट्याने उद्योग उभा करायचा तर सगळ्यात आधी जो कच्चा माल लागतो तो वेळ, आणि जपानमध्ये हे फार स्वच्छ दिसतं कारण तिथे ही वेळ अक्षरशः एका तारखेला बदलली.

कारण त्याच दिवसापासून फक्त कॅलेंडर नाही, तासही बदलले. एदो काळातला, म्हणजे १८६८ मध्ये हे नवं सरकार येण्याआधीचा, तास आपल्यासारखा नव्हताच. पहाट फुटल्यापासून अंधार पडेपर्यंतच्या वेळेचे सहा सारखे भाग करायचे आणि रात्रीचे सहा. म्हणजे भर उन्हाळ्यात दिवसाचा एक 'तास' आजच्या मोजणीने साधारण २ तास ४० मिनिटांचा, आणि ऐन हिवाळ्यात तोच १ तास ५० मिनिटांचा. आकडेही उलटे. मध्यरात्री नऊ, मग आठ, सात, पहाटेला सहा, मग पाच, चार, आणि दुपारी परत नऊ. हे असं का, तर नऊचा आकडा शुभ, आणि नवाचा पाढा म्हणा बरं, नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चोपन्न, प्रत्येकाचा शेवटचा आकडा बघा: ९, ८, ७, ६, ५, ४. असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

आपल्याला हे येडचाप वाटतं पण शेती आणि हातकामाच्या जगात ही पद्धत एकदम सोयीची होती. दिव्याचं तेल महाग, काम उजेडातच व्हायचं. पहाट कधीही होवो, ती 'सहा'लाच होणार, आणि अंधारही 'सहा'लाच पडणार.

खरी मजा पुढे आहे. युरोपातून यांत्रिक घड्याळं जपानात आली तेव्हा जपानी कारागिरांनी आपली वेळ बदलली नाही, घड्याळ बदललं! त्या जुन्या घड्याळात लंबक नसायचा, एक आडवा दांडा डावीकडे उजवीकडे झुलायचा आणि त्या झोक्यावर चाकं पुढे सरकायची. दांड्याच्या दोन्ही टोकांकडे छोटी वजनं लटकवलेली असतात. वजन बाहेरच्या बाजूला सरकवलं की दांडा फिरवायला जड जातो, झोका सावकाश, घड्याळ हळू. आत घेतलं की भरभर. यांनी काय केलं, एकाऐवजी दोन दांडे बसवले, एक दिवसाचा, एक रात्रीचा, पहाटे आणि संध्याकाळी घड्याळ आपोआप एकावरून दुसऱ्यावर जायचं, आणि साधारण पंधरा दिवसांनी कुणीतरी ती वजनं एखाद्या खाचेने पुढेमागे करायचं. दिवस मोठा होत चालला की दिवसाच्या दांड्याची वजनं बाहेर, रात्रीची आत. इतकं साधं आणि इतकं हुशार.

ह्या कारागिरीचं टोक म्हणजे तानाका हिसाशिगे यांनी १८५१ मध्ये पूर्ण केलेलं घड्याळ. सहा तोंडं, वर सूर्य-चंद्र फिरतायत, आणि एका तबकडीवरच्या तासांच्या खुणा वर्षभर आपल्या आपण जवळ-लांब सरकतात, वजनं हलवायचीही गरज नाही. टोकियोच्या विज्ञान संग्रहालयात ते आजही आहे. आणि ह्याच तानाकांनी १८७५ मध्ये टोकियोत तारायंत्राची उपकरणं बनवायचा कारखाना काढला, ज्यातून पुढे तोशिबा कंपनी झाली. सूर्याच्या मागे धावणारं घड्याळ बनवणारा माणूस म्हातारपणी सेकंदात निरोप पोचवणारी यंत्रं बनवायला लागला, एकाच माणसाच्या हातात दोन युगं.

त्या काळी आलेल्या परदेशी लोकांची जपान्यांबद्दल तक्रार काय होती माहितीये? वेळ पाळत नाहीत! नागासाकीत नौदलाचं शिक्षण द्यायला आलेल्या काटेंडाइके नावाच्या डच अधिकाऱ्याने जपान्यांच्या संथपणाबद्दल, सांगितलेलं सामान वेळेत येत नाही याबद्दल चांगलाच वैताग लिहून ठेवलाय. त्याच जपानात २०१७ साली एक लोकल २० सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वे कंपनीने माफी मागितली. म्हणजे 'त्यांच्या रक्तातच शिस्त आहे' वगैरे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते मला पटत नाही, ही शिस्त शे-दीडशे वर्षांत घडवलेली आहे, आणि बऱ्याच अंशी भोंगा वाजवून घडवलेली आहे.

सुरुवात रेल्वेने झाली. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा ही २९ किलोमीटरची लाइन सुरू झाली, प्रवास ५३ मिनिटांचा. ज्या लोकांच्या रोजच्या व्यवहारात मिनिट नावाची गोष्टच नव्हती त्यांच्यासाठी वेळापत्रकात मिनिटं छापली गेली. टोकियोत दुपारी बाराला तोफ उडायला लागली होतीच. १८७६ पासून सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी आणि शनिवारी अर्धा दिवस. १८८८ पासून सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ. (आपल्याकडे हे इतकं सरळ झालं नाही, १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ आली तरी मुंबईकर कितीतरी वर्षं आपला ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' धरून बसले होते.) मग हात्तोरी किंतारो यांनी १८९२ मध्ये सेइकोशा हा घड्याळांचा कारखाना काढला, हीच आजची सेइको, आणि भिंतीवरचं घड्याळ हळूहळू साध्या दुकानांत, शाळांत, घरांत पोचलं.

गावं मात्र लगेच बदलली नाहीत. शेतीची कामं आणि सण कित्येक दशकं जुन्या तिथीवरच चालू होते, आणि पितरांचा ओबोन हा सण आजही बऱ्याच भागात नव्या कॅलेंडरपेक्षा महिनाभर उशिरा, ऑगस्टमध्ये करतात.

आता गिरणीकडे येऊ, कारण सगळा खेळ तिथे आहे. सरकारच्या मदतीने आधी ज्या सूतगिरण्या निघाल्या त्या दोन-दोन हजार चात्यांच्या (चाती म्हणजे ज्यावर सूत कातलं आणि गुंडाळलं जातं ती फिरती दांडी), बहुतेक पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या, आणि त्या काही चालल्या नाहीत. मग शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने शेअर भांडवल गोळा करून ओसाका स्पिनिंग कंपनी उभी राहिली, १८८३ मध्ये सुरू झाली, १०,५०० चात्या, वाफेचं इंजिन, मशिनरी इंग्लंडची, आणि यामानोबे ताकेओ नावाचा तरुण इंग्लंडमध्ये शिकत असतानाच शिबुसावांच्या सांगण्यावरून कताई शिकून आलेला. पण ह्या गिरणीची खरी आयडिया मशीनमध्ये नव्हती. ती होती रात्रपाळीत.

हिशोब असा. जेसीबी भाड्याने आणला आणि तो उभा राहिला तरी भाडं चढतंच, तसं परदेशातून आणलेल्या महागड्या मशीनचं व्याज आणि घसारा रात्री झोपत नाही. जपानात भांडवल महाग, मजूर स्वस्त. मग मशीन २४ तासांपैकी जवळजवळ सगळा वेळ पळवलं तर तेवढ्याच चात्यांवर दुप्पट सूत निघतं. आधी रॉकेलचे दिवे लावून रात्रपाळी चालवली, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत उघडा दिवा म्हणजे आगीला आमंत्रणच, म्हणून १८८६ मध्ये विजेचे दिवे आले. भागधारकांना जोरदार लाभांश मिळाला आणि बाकीच्या गिरण्यांनी हाच कित्ता गिरवला. १८९० पर्यंत देशात तयार होणारं सूत आयातीच्या पुढे गेलं, १८९७ मध्ये निर्यात आयातीच्या पुढे. फक्त चौदा वर्षं!

आणि हे सूत कशाचं, तर बऱ्याच अंशी आपल्याच कापसाचं. मुंबईहून गाठी जायच्या पण जहाजं पी अँड ओ सारख्या युरोपीय कंपन्यांची आणि भाडं त्यांच्या मर्जीचं. म्हणून १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा ह्या जपानी कंपनीने कोबे-मुंबई लाइन सुरू केली, त्यात जमशेटजी टाटांनी साथ दिली, आणि पी अँड ओने भाडं पाडून त्यांना बुडवायचा जोरदार प्रयत्न केला. गंमत म्हणजे ह्याच कापसाचं सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला भारी पडलं. आपण ज्यांना कापूस दिला त्यांनीच आपलं गिऱ्हाईक नेलं!

मशीन २४ तास पळवायचं तर माणसंही लागतात, आणि ती माणसं होती मुली. गिरणी कामगारांत बहुसंख्य बायका, त्यातही खेड्यातल्या कोवळ्या पोरी. गिरणीचा माणूस गावात यायचा, बापाच्या हातावर उचल ठेवायचा, ऊसतोडीचा मुकादम ठेवतो तशीच, आणि मुलगी दोन-तीन वर्षांच्या करारावर. राहायचं गिरणीच्या वसतिगृहात, भोवती कुंपण, बाहेर जायला परवानगी. दोन पाळ्या १२-१२ तासांच्या, त्या आठवड्या-दहा दिवसांनी उलटायच्या, सुट्टी महिन्यातून साधारण दोन दिवस. दिवसपाळीची मुलगी उठली की त्याच अंथरुणात रात्रपाळीची आडवी. जपानच्या शेती आणि व्यापार खात्याने स्वतःच चौकशी करून १९०३ मध्ये हे सगळं छापलं. रेशमाच्या कारखान्यांत तर घड्याळाचे काटे मागे करून काम लांबवल्याचे प्रकार नोंदलेले आहेत, कारण कामगाराकडे स्वतःचं घड्याळ नाही, सूर्य बघायला खिडकीपाशी जायची सोय नाही, मालकाची भिंत सांगेल ती वेळ. पूर्वी वेळ आभाळात होती, सगळ्यांना फुकट दिसायची, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

शरीर मात्र अजून जुन्याच घड्याळावर चालत होतं. आपल्या मेंदूत एक छोटं केंद्र असतं, डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते दिवस-रात्र ओळखतं, आणि झोप, शरीराचं तापमान, भूक, हार्मोन सगळं त्या तालावर चालतं. पाळी दर आठवड्याला उलटली की हे घड्याळ जुळेपर्यंत ती परत उलटते, म्हणजे ते कधी जुळतच नाही. हे शास्त्र तेव्हा माहीत नव्हतं पण परिणाम मोजले गेले होते. इशिहारा ओसामु ह्या डॉक्टरांनी १९१३ मध्ये दाखवलं की रात्रपाळीत मुलींचं वजन घटतं आणि दिवसपाळीत ते पूर्ण भरून येत नाही. त्यात गिरणीतली हवा दमट, मुद्दामच, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. दमट हवा, कापसाची धूळ, गर्दी, अपुरी झोप, क्षयाला आणखी काय हवं? आजारी मुलगी घरी पाठवायची, आणि तिच्याबरोबर क्षय अशा खेड्यात जायचा जिथे तो कधी फारसा नव्हता. शहरात कारखाना निघाला आणि आजार डोंगरातल्या गावात पोचला, हे इशिहारांनी आकडे मांडून सांगितलं.

जपानात कारखान्यांचा कायदा १९११ मध्ये झाला, लागू १९१६ मध्ये, आणि बायकांच्या रात्रपाळीची बंदी गिरणीमालकांनी लढून पुढे ढकलत ढकलत १९२९ पर्यंत नेली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, आणि योगायोग बघा, जपानात १९२० पासून 'वेळेचा दिवस' पाळतात तोही १० जूनच. तिथे त्या दिवशी लोकांना वक्तशीर व्हा म्हणून सांगतात!

१९२० च्या दशकात भारतात बायकांना रात्री गिरणीत कामाला ठेवता येत नव्हतं, जपानात येत होतं, आणि मुंबईचे मालक ओरडत होते की ही स्पर्धा बरोबरीची नाही. १९२७ च्या टॅरिफ बोर्डाच्या (आयात शुल्काची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाच्या) अहवालानेही हा मुद्दा मान्य केला. मालकांना कामगारणींचा कळवळा होता असं काही नाही, त्यांचं सूत विकलं जात नव्हतं. पण अशा बाहेरच्या दबावाचाही बंदी येण्यात वाटा होता.

बंदी आल्यावर जपानी गिरण्या बुडाल्या का? नाही. रात्र गेली तर दिवसातूनच जास्त काढायचं. तोयोदा साकिची यांचा १९२४ चा स्वयंचलित माग तयारच होता, चालू असतानाच धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा) बदलणारा आणि धागा तुटला की आपोआप थांबणारा, त्यामुळे एका बाईकडे डझनावारी माग देता आले. तास कमी झाले, पण त्या तासांतली धावपळ वाढली. १९२९ मध्येच इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने ह्या मागाचे हक्क १,००,००० पौंडांना विकत घेतले, तेच प्लॅट ब्रदर्स ज्यांच्या मशीन घेऊन जपानने कताई सुरू केली होती. तोयोदांच्या मुलाने मोटारींचे प्रयोग सुरू केले ते ह्याच मागांच्या कारखान्यात, आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी निघाली.