मॅरेथॉनचा आहार आतडं ठरवतं

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे वेध लागले की धावणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो: भात-पोळी बंद करा, तूप-पनीर-अंडी खा, शरीर चरबीवर पळायला शिकेल. यात अर्धंच तथ्य आहे. शरीर खरोखर जास्त चरबी जाळू लागतं. पण ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंना सुमारे तीन आठवडे असा आहार दिला, तेव्हा तोच वेग राखायला त्यांना जास्त ऑक्सिजन लागू लागला. भात-पोळीसारखी कर्बोदकं खाणाऱ्यांची वेळ सुधारली, यांची नाही. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. एक लिटर ऑक्सिजन खर्चून कर्बोदकांतून साधारण 5 किलोकॅलरी मिळतात, चरबीतून 4.7. धाप लागलेल्या माणसाला एवढा फरकही भारी पडतो.

कर्बोदकांची अडचण साठ्याची. स्नायू आणि यकृतात मिळून सुमारे 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, मावतं, त्यातून 2000 किलोकॅलरी मिळतात. 60 किलो वजनाच्या धावपटूला पूर्ण मॅरेथॉनसाठी 2500 च्या आसपास लागतात. म्हणून पळता पळता खावं लागतं, आणि इथून पुढे सगळं आतड्याच्या हातात.

लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन असतं. दोन सोडियम आयन सोबत असले तरच ते ग्लुकोजचा, म्हणजे कर्बोदकं पचून बनणाऱ्या साखरेचा, एक रेणू आत घेतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असलेला सोडियम-पोटॅशियम पंप ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर काढत असतो. त्यामुळे पेशीत सोडियमची कमतरता राहते, आतड्यातलं सोडियम आत धावतं आणि ग्लुकोजलाही ओढून नेतं. पाठोपाठ पाणी शिरतं. ही जोडी 1960 साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, याच तत्त्वावर चालतं, आणि 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याच्याच जोरावर कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. विज्ञानात मला याहून सुंदर गोष्टी फार थोड्या माहीत आहेत.

एसजीएलटी-1 ताशी 60 ग्रॅमच्या आसपास थकतं, मग धावपटूचं वजन कितीही असो. त्यापुढचं ग्लुकोज आतड्यातच पडून पाणी ओढत राहतं, आणि तिसाव्या किलोमीटरला माणूस पोट धरून कडेला बसतो. फ्रुक्टोज या दुसऱ्या शर्करेसाठी मात्र ग्लुट-5 हे वेगळं प्रथिन आहे. दोन्ही शर्करा एकत्र घेतल्या तर सरावलेले खेळाडू ताशी 90 ग्रॅमपर्यंत जातात. घरातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. गूळही मुख्यतः तेच. ‘नैसर्गिक’ म्हणून गुळात वेगळी शक्ती नसते, तशीच ती धावपटूंसाठीच्या महागड्या साखरेच्या जेलच्या चकचकीत पाकिटातही नसते.

ही क्षमता सरावाने वाढते. नियमित कर्बोदकं खाल्ली की आतडं ती जास्त शोषू लागतं. महिनोन् महिने ती टाळून शर्यतीच्या दिवशी एकदम जेल घेतलं, तर पोट बिघडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून रविवारच्या लांब धावेत ताशी 30 ग्रॅमपासून सुरुवात करावी: अर्धा लिटर पाणी, चहाचे सात सपाट चमचे साखर, अर्धं लिंबू, दोन चिमूट मीठ. पोटाने कुरकुर केली नाही, तर पुढच्या आठवड्यांत सोबत अर्धं केळं, मग पूर्ण. काहींना फ्रुक्टोज सोसत नाही, पोट फुगतं. त्यांनी साखरेऐवजी ग्लुकोज पावडर वापरावी आणि ताशी 60 ग्रॅमच्या आत राहावं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर यातलं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.