ग्रॅव्हल सायकलिंग, टस्कनीतील

ग्रॅव्हल सायकलिंग, टस्कनीतील : डांबर न पडलेल्या, खडी किंवा मुरूम दाबून केलेल्या ग्रामीण रस्त्यांवरून रुंद टायरच्या सायकलीने केली जाणारी लांब पल्ल्याची भटकंती व शर्यत. इटलीच्या टस्कनी प्रांतात तिचे मुख्य क्षेत्र सिएना शहराभोवती आहे : उत्तरेस कियांतीच्या द्राक्षमळ्यांच्या व ऑलिव्ह बागांच्या टेकड्या, आग्नेयेस क्रेते सेनेझी हा चिकणमातीचा उघडा मुलूख आणि दक्षिणेस मोंताल्चीनोकडील ऑर्चा नदीचे खोरे. या खोऱ्याचा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील कच्च्या रस्त्यांना चुनखडीच्या खडीमुळे पांढरट रंग येतो. स्थानिक लोक त्यांना ‘स्त्रादे बियांके’ (पांढरे रस्ते) म्हणतात.

या रस्त्यांच्या वयाबद्दल एकवाक्यता नाही. त्यांतील काहींचा संबंध एट्रुस्कन (रोमनपूर्व) व रोमन काळाशी जोडला जातो. काही भाग फ्रान्चीजेना या मध्ययुगीन यात्रामार्गाशी जुळतात. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक याने सु. ९९० मध्ये रोमहून परतताना केलेल्या मुक्कामांची यादी उपलब्ध असल्याने त्या मार्गापुरता पुरावा भक्कम आहे. तथापि मार्ग जुना म्हणून त्यावरील रस्ताही तितकाच जुना ठरत नाही. आजचे बहुतेक पांढरे रस्ते टेकडीच्या माथ्यावरील एका शेतघरापासून दुसऱ्या शेतघरापर्यंत जातात. ही रचना अर्धेलीने जमीन कसण्याच्या पद्धतीशी (मेझाद्रिया) जुळणारी असल्याने त्यांची आजची आखणी त्या व्यवस्थेच्या काळातील मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. तोवर खेड्यांतून शहरांकडे स्थलांतर सुरू झालेच होते. शेतघरे ओस पडली आणि अनेक रस्त्यांवर डांबर टाकण्याची निकडच उरली नाही.

ग्रॅव्हल सायकलिंगच्या उगमाविषयी प्रामुख्याने तीन मते आढळतात. पहिल्यानुसार हा खेळ अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात जन्मला. २००५ मध्ये आयोवात ‘ट्रान्स आयोवा’ आणि २००६ मध्ये कॅन्ससमधील एम्पोरिया येथे ‘डर्टी कॅन्झा’ (२०२० पासून ‘अनबाउंड ग्रॅव्हल’) या शर्यती सुरू झाल्या. दुसरे मत १९९७ साली गायोले इन कियांती येथे जानकार्लो ब्रोक्की यांनी सुरू केलेल्या ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या मेळाव्याला अग्रमान देते. तिसरे मत आणखी मागे जाते : १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संस्था कच्च्या वाटांवरच सायकल चालवत असे, शिवाय १९०३ च्या पहिल्या तूर द फ्रान्समधील रस्तेही डांबरी नव्हते. हे शेवटचे मत वस्तुस्थितीला धरून असले तरी फारसे उपयोगी नाही. डांबर दुर्मीळ असताना कच्चा रस्ता हा निवडीचा प्रश्नच नव्हता. लेरोइकाचा हेतूही सायकलीचा नवा प्रकार घडवण्याचा नव्हता. पहिल्या वर्षी तीत ९२ जण उतरले. सायकल १९८७ पूर्वीची, गिअरच्या कांड्या फ्रेमच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा बाहेरून आणि पेडलला पट्ट्या, असा तिचा दंडक आहे. जुन्या सायकली आणि पांढरे रस्ते, दोन्ही वाचवणे हे तिचे उद्दिष्ट. म्हणून सायकलीची आजची घडण व शर्यतीचे स्वरूप अमेरिकेकडून आले आणि रस्ता जसा आहे तसा राखण्याचा आग्रह टस्कनीने दिला, असे मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. खास ग्रॅव्हल शर्यतीसाठी कारखान्यात तयार झालेली पहिली सायकल म्हणून सामान्यतः ‘साल्सा वॉरबर्ड’चा (२०१२) उल्लेख होतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतीलच व्हेनेतो प्रांतात झाली.

लेरोइकातून व्यावसायिकांची ‘स्त्रादे बियांके’ ही शर्यत निघाली (२००७, विजेता अलेक्झांडर कोलोब्नेव्ह). २००८ पासून ती साधारणतः मार्चमध्ये होते, २०१५ पासून स्त्रियांचीही होते आणि सिएनाच्या प्यात्सा देल कांपो या चौकात संपते. तिच्यात रोड सायकलीच वापरतात, त्यामुळे तिला काटेकोरपणे ग्रॅव्हल शर्यत म्हणता येत नाही. मोंते सांते मारिये हा ११.५ किमी.चा तिचा टप्पा तीन वेळचा विजेता फाबियान कान्चेलारा याच्या नावे गौरवला जातो.

सायकल व टायर : चाके बहुधा ६२२ मिमी. व्यासाच्या रिमची, टायर ३८ ते ४५ मिमी. रुंद, ट्यूबविरहित. सु. ७० किग्रॅ. वजनाच्या चालकाने ४० मिमी. टायरमध्ये पुढे २.० व मागे २.२ बार दाबापासून (बार हे हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात करावी. ट्यूब असल्यास ०.३ ते ०.५ बार वाढवावा. दाब जास्त झाला तर आडव्या पन्हळींवर चाक उसळते आणि ब्रेकची पकड सुटते. कमी झाला तर दगडावर रिम आपटून ‘ठक्’ असा आवाज येतो. तो आला की ०.१ ते ०.२ बार हवा लगेच भरावी, अन्यथा टायरची बाजू किंवा रिमची कड जाते. प्रत्येक चाकात सु. ६० मिली. सीलंट (भोक आपोआप बुजवणारे द्रव) पुरते, उन्हाळ्यात ते दोनतीन महिन्यांत वाळत असल्याने व्हॉल्व्हमधून सळई घालून तपासावे. ३ मिमी.पेक्षा मोठे भोक त्याने भरेलच असे नाही, म्हणून रबरी प्लग जवळ ठेवावा. गालेस्त्रो या पापुद्र्यांच्या खडकाचा धारदार तुकडा टायरची बाजू चिरतो तेव्हा प्लगही टिकत नाही. आतून जाड कापडाचे ठिगळ लावून ट्यूब घालणे हाच उपाय.

येथील चढ लांब नसतात, पण उभे असतात; सिएनाजवळच्या कोले पिन्झुतो व ले तोल्फे या टप्प्यांवर चढ १५ टक्क्यांवर पोहोचतो. पुढच्या दातेरी चक्राला ३० व मागच्याला ३४ दाते असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सु. १.९ मी. पुढे जाते. चालक व सायकल मिळून ८५ किग्रॅ. आणि २०० वॉट शक्ती धरली, तर १५ टक्के चढावर मिनिटाला सु. ४५ फेरेच पडतात. याहून जड गिअर असल्यास उभे राहावे लागते. वजन मागच्या चाकावरून हलते आणि सुट्या खडीत ते जागीच फिरते. हलका गिअर येथे सोयीपेक्षा पकडीसाठी लागतो.

उतारावर मोटारींच्या चाकांनी दोन घट्ट चाकोऱ्या पडलेल्या असतात. सुटी खडी मधल्या वरंब्यावर व वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते. ब्रेक वळणाआधी, सरळ भागात लावावा. वळणात चाकोरी बदलताना वरंब्यावर पुढचे चाक सरकले, तर तोल सावरायला वेळ मिळत नाही.

पावसानंतर प्रश्न चिखलाचा असतो. कियांतीतील चुनखडीचे रस्ते लवकर निथळतात. क्रेतेमधील प्लायोसीन या भूवैज्ञानिक काळातील सागरी चिकणमाती मात्र टायरला थराथराने चिकटते. पुढचे चाक धरणाऱ्या काट्याच्या (फोर्कच्या) मुळाशी व मागच्या चाकाजवळ ती भरली की चाक अडते. अशा वेळी जोर लावून पेडल मारल्यास गिअर बदलणारा डेरेलर आऱ्यांत ओढला जातो आणि त्याचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटतो. टायरभोवती निदान ६ मिमी. मोकळी जागा हवी. तरीही चाक अडले तर उतरून सायकल उचलावी, कडेच्या गवतावरून न्यावी आणि चपट्या काडीने माती काढावी. २०१० च्या जिरो दितालिया या इटलीच्या बहुदिवसीय शर्यतीचा कारारा–मोंताल्चीनो टप्पा (विजेता कॅडेल एव्हन्स) याच प्रदेशात पावसात झाला. शेवटी स्पर्धकांचे पोशाखही ओळखू येत नव्हते.

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध व सप्टेंबर–ऑक्टोबर हे सोयीचे महिने होत. द्राक्षतोडणीच्या काळात अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टर–ट्रॉल्यांची वर्दळ असते. ऑलिव्हची काढणी साधारण ऑक्टोबर–नोव्हेंबरात होते. तेव्हा झाडांखाली, कधी रस्त्याच्या कडेपर्यंत, जाळ्या अंथरतात. त्यांवर चाक घालू नये, कारण खरचटलेल्या फळांच्या तेलाची प्रत उतरते. एकाच बुंध्यातून तीनचार खोडे फुटलेली ऑलिव्हची झाडे येथे वारंवार दिसतात. १९८५ च्या कडाक्याच्या थंडीत असंख्य झाडे जमिनीपर्यंत गोठली आणि नंतर मुळांतून पुन्हा फुटली. द्राक्षांच्या ओळींतून सायकल नेण्यास सामान्यतः मनाई असते. रानडुकरांना रोखण्यासाठी अनेक मळ्यांना विजेची तार लावलेली असते. हिवाळ्याच्या सुमारास रानडुकरांची सामूहिक शिकार चालते. १९९२ च्या राष्ट्रीय कायद्याने मंगळवारी व शुक्रवारी शिकारीस बंदी असल्यामुळे त्या हंगामात जंगलातील टप्प्यांसाठी हे दोन वार निवडणे बरे. एरवी भडक रंगाचे कपडे घालावेत.