बंद नेटवर्कमधील डेटाबेस जोडणीचा दोषशोध

इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेल्या स्थानिक नेटवर्कमध्ये एखादा संगणक डेटाबेस सर्व्हरला जोडला जात नसेल, तर बिघाड नेमका कोठे आहे हे हुडकण्याची पद्धत. उदाहरण म्हणून जळगावकडची एखादी जिनिंग डोळ्यांपुढे आणावी: फाटकाशी वजनकाटा, आत ऑफिस, तिथल्या कपाटाशेजारी सर्व्हर. जोडणी अडली की काटापट्टी निघत नाही आणि कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात.

आधी केबल पाहावी. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर. फाटकापासून ऑफिसपर्यंत, वळसे धरून, ती सहज ओलांडली जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की उन्हात तापलेल्या केबलमध्ये सिग्नल आणखी क्षीण होतो, म्हणून सकाळी चाललेला काटा दुपारी अडू शकतो.

पिंगला (यंत्र नेटवर्कवर आहे का, हे विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तर आले म्हणून समाधान मानू नये. पिंग पोर्टला, म्हणजे सेवा ज्या क्रमांकावर ऐकते त्या दाराला, शिवतच नाही. डेटाबेसनुसार पोस्टग्रेसचा 5432, मायएसक्यूएलचा 3306, एसक्यूएल सर्व्हरचा 1433 असा नेमका पोर्ट तपासावा आणि उत्तर कसे येते ते नीट पाहावे. चटकन ‘रिफ्यूज्ड’ आले, तर बहुधा यंत्रापर्यंत वाट मोकळी आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही: सेवा बंद आहे किंवा ती फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे स्वतःच्याच यंत्रावरून आलेले, ऐकते. पोस्टग्रेस मुळात तसेच बसते. बराच वेळ काहीच न येता ‘टाइमआउट’ झाले, तर पहिला संशय फायरवॉलवर (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर) घ्यावा. पासवर्ड चुकल्याचा संदेश आला, तर केबल-स्विच सोडून द्यावेत. नेटवर्क ठीक आहे.

बंद नेटवर्कचे खास दुखणे वेगळेच. गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याची वाट) नसल्याने विंडोजला नेटवर्क ओळखता येत नाही, ते त्याला ‘पब्लिक’ ठरवते आणि ‘प्रायव्हेट’साठी लिहिलेले फायरवॉलचे नियम लागूच होत नाहीत. नेटवर्कचे प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करावे किंवा नियम नीट लिहावा. ‘बाहेरची लाईनच नाही’ म्हणून फायरवॉल कायमची बंद ठेवणे चूकच आहे. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला लाईन लागत नाही.

घड्याळाकडेही पाहावे. वेळ जुळवणारा सर्व्हर आवाक्यात नसतो. मदरबोर्डची बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि एन्क्रिप्टेड जोडणीत सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारले जाते. बॅटरी साधी नाण्याएवढी, सीआर2032.