भूल देताना चूक झाली असं वाटतंय? ग्राहक आयोगातली तक्रार नेमकी कुठे अडते

ऑपरेशन छोटंच होतं, पण पेशंट भुलीतून बाहेर आलाच नाही. किंवा आला, पण माणसं ओळखेनासा झाला. अशा घरांतली कागदपत्रं चाळायची वेळ माझ्यावर बरेचदा येते. पिशवीतून दरवेळी तेच निघतं: डिस्चार्ज कार्ड, बिलं, मेडिकलच्या पावत्या. ज्या कागदावर सगळं ठरतं, तोच नसतो.

तो कागद म्हणजे भूलतज्ज्ञाने ऑपरेशन चालू असताना भरलेला तक्ता, अनेस्थेशिया चार्ट. कुठलं औषध किती वाजता दिलं, श्वासनलिकेत नळी कधी घातली, दर 5 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन किती होता, हे त्यात असतं. एका ताईंनी खटपटीने मिळवलेल्या तक्त्यावर रक्तदाबाच्या खुणा 10:40 पर्यंत नीट होत्या. पुढची खूण थेट 11:05 ला. मधले चौकोन कोरे. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘अचानक हृदय बंद पडले’ एवढीच ओळ.

म्हणून ‘फाइल द्या’ असं तोंडी मागू नका. लेखी अर्जात एकेका कागदाचं नाव घाला: भूलपूर्व तपासणी (आपण ज्याला ‘फिटनेस’ म्हणतो तो कागद), भुलीचं संमतिपत्र, अनेस्थेशिया चार्ट, ऑपरेशन नोट, रिकव्हरी रूममधल्या सिस्टरच्या नोंदी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ‘साहेब रजेवर आहेत’ असं ऐकवलं तर सरळ स्पीड पोस्टाने पाठवा. ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ हे उत्तर चुकीचं आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. मात्र त्याच नियमांत रेकॉर्ड जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचंच आहे. उशीर केलात तर ‘नष्ट केलं’ हे उत्तर कायदेशीर ठरू शकतं.

दुसरी अडचण मुदतीची. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. लोक काय करतात, आधी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जातात, पोलिसांत जातात, ‘तिकडचा निकाल लागू दे’ म्हणून थांबतात. ही घड्याळं वेगवेगळी आहेत. परिषद फार तर डॉक्टरची नोंदणी निलंबित किंवा रद्द करेल, भरपाई देणार नाही. आणि तिथे गेलेली वर्षं इथे वजा होत नाहीत. वकिलाच्या नोटिशीनेही मुदत थांबत नाही. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह तक्रारीबरोबरच द्या. ‘आम्ही दुःखात होतो’ एवढ्यावर भागत नाही, तारखा आणि त्यांचे पुरावे लागतात.

पात्रता सोपी आहे. पैसे मोजून घेतलेली सेवा हवी. ते विमा कंपनीने किंवा मालकाने भरले तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या व्ही. पी. शांता खटल्यात हे स्पष्ट केलं. जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत, ते रुग्णालय या कायद्यात बसत नाही. तिथे दिवाणी दावा. पेशंट लहान असेल तर आईवडील, दगावला असेल तर वारस तक्रार करतात.

कुठे करायची, यात मात्र शिकलेलेही चुकतात. मागितलेली भरपाई बघू नका, तुम्ही भरलेलं बिल बघा. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मग भरपाई 1 कोटी का मागेनात. बिल 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो.

सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून एकट्या सर्जनचं नाव घालू नका. भूलतज्ज्ञ बरेचदा बाहेरून बोलावलेला असतो. मग रुग्णालय म्हणतं ‘ते आमचे नोकर नाहीत’, आणि भूलतज्ज्ञ म्हणतो ‘मशीन रुग्णालयाचं’. तिघांनाही घाला. भूलतज्ज्ञाचं नाव चार्टवर किंवा संमतिपत्रावर सापडेल. सही वाचता येत नसेल (येत नाहीच) तर अर्ज करून नाव लेखी मागा.

सगळ्यात अवघड कागद म्हणजे दुसऱ्या डॉक्टरचं मत. गावातला कोणी देत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. 2010 च्या व्ही. किशन राव निकालाप्रमाणे प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञमत सक्तीचं नाही. पण भुलीच्या प्रकरणात त्यावाचून निभाव लागणं कठीण. आपल्या जिल्ह्याबाहेरचा, निवृत्त भूलतज्ज्ञ शोधा. नाहीच मिळाला तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मत मागवावं, असा अर्ज आयोगापुढे करा. शवविच्छेदनाचंही तसंच. त्या क्षणी नको वाटतं, मान्य आहे. पण ते झालं नसेल तर मृत्यूचं कारण म्हणून फक्त रुग्णालयाचा शब्द उरतो.

आणि एक कटू गोष्ट. पाठीत इंजेक्शन दिल्यावर आठवडाभर डोकं दुखलं, नळीने घसा सोलवटला, एवढ्यावर सहसा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. हे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. उलट ‘संमतिपत्रावर तुमचीच सही आहे’ या वाक्याने घाबरून घरी बसू नका. ती सही भूल देण्यासाठी असते, निष्काळजीपणासाठी नव्हे.

बाकी आधार कार्ड, बिलं, घटनाक्रम, प्रतिज्ञापत्र हे नेहमीचं. पुसट झेरॉक्स जोडली की त्रुटी निघते आणि महिना जातो. चार्ट रंगीत स्कॅन करा, कारण खाडाखोड आणि वेगळ्या शाईतल्या नोंदी काळ्यापांढऱ्या प्रतीत दिसत नाहीत.