साहाय्यक साधने आणि लिंगभाव : अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील हिस्पॅनिक ज्येष्ठ

काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, न्हाणीघरात धरायची दांडी, बसून अंघोळ करायची खुर्ची ही वृद्धांना रोजच्या व्यवहारात आधार देणारी साहाय्यक साधने होत. अमेरिकेतील गरीब हिस्पॅनिक कुटुंबांत, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा आदी स्पॅनिशभाषक प्रदेशांशी नाते असलेल्या कुटुंबांत, ती हवी तेव्हा मिळतातच असे नाही. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या अडचणीही वेगवेगळ्या असतात.

स्त्रियांच्या बाबतीत अडचणीचे मूळ बहुधा तरुणपणीच्या कामात सापडते. मेडिकेअर हा १९६५ पासूनचा, मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा आहे. त्यातील रुग्णालयीन भाग विनाहप्ता मिळण्यासाठी स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावावर साधारण १० वर्षांची करपात्र नोकरी नोंदलेली असावी लागते. हिस्पॅनिक स्त्रियांपैकी अनेकींनी दुसऱ्यांच्या घरची साफसफाई केली, मुले सांभाळली, आजाऱ्यांची सेवा केली. आणि यातले पुष्कळसे काम रोखीने, नोंदीविना झाले. जन्मभर राबलेल्या बाईचे काम सरकारदप्तरी दिसतच नाही. घटस्फोटितेला माजी पतीच्या नोंदीचा आधार घ्यायचा, तर लग्न किमान १० वर्षे टिकलेले असावे लागते. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत १९९६ च्या कायद्याने बहुतेक नव्या कायदेशीर स्थलांतरितांना पाच वर्षे थांबायला लावले. ग्रीन कार्डावर मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांनाही हाच नियम लागू होतो.

विमा असला तरी सगळे मिळते असे नाही. डॉक्टरने लिहून दिलेल्या वॉकरच्या किंवा चाकांच्या खुर्चीच्या मान्य किमतीपैकी ८० टक्के रक्कम मेडिकेअर देते, तीही वार्षिक वजावटीनंतर, म्हणजे वर्षातला सुरुवातीचा ठरावीक खर्च रुग्णाने स्वतः केल्यावर. उरलेले २० टक्केही तुटपुंज्या निवृत्तिवेतनात जड जातात. चाकांची खुर्ची मिळण्यासाठी तिची गरज घराच्या आत असावी लागते. ओट्याला धरून स्वयंपाकघरात कशीबशी वावरणारी आजी बाजारात किंवा चर्चला जाऊ शकत नसली, तरी या निकषात बसत नाही. हा निकष अन्यायाचा आहे, कारण घर सांभाळता येणे म्हणजेच बरे असणे असे तो धरून चालतो.

न्हाणीघराचा प्रश्न याहून बिकट आहे. उंच काठाच्या टबमध्ये पाय टाकताना तोल गेला की हात टॉवेलच्या दांडीकडे जातो, आणि ती माणसाच्या वजनासाठी बसवलेली नसते. भिंतीत पक्की रोवलेली दांडी मूळ मेडिकेअरमध्ये, म्हणजे खासगी कंपनीमार्फत न घेता थेट सरकारकडून मिळणाऱ्या विम्यात, बसत नाही. १९८८ च्या गृहनिर्माणविषयक कायद्याने अपंग भाडेकरूला असा वाजवी बदल करू देणे घरमालकावर बंधनकारक केले. मात्र खासगी घरात खर्च सहसा भाडेकरूनेच करायचा असतो. घर सोडावे लागेल या भीतीने कित्येक जण विचारतही नाहीत.

श्रवणयंत्रांचे चित्रही असेच आहे. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो येथील १६ हजारांहून अधिक हिस्पॅनिक प्रौढांच्या मोठ्या आरोग्य-अभ्यासात, ऐकू कमी येणाऱ्या मध्यमवयीन व वृद्धांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी लोक श्रवणयंत्र वापरत होते. बांधकाम, शेती, कारखाने अशा गोंगाटाच्या कामांमुळे पुरुषांच्या कानांची हानी अधिक होते. त्यातून काठी किंवा यंत्र म्हणजे कमीपणा, असे मानणारे पुरुष मदत टाळतात आणि त्यांच्या वतीने बोलण्याचे काम बायकोवर पडते. ती स्वतः मात्र नातवंडे आणि आजारी नवरा यांच्यापायी आपले दुखणे मागे टाकते. तरीही सगळा दोष हिस्पॅनिक संस्कृतीवर टाकणे चूक आहे. मूळ मेडिकेअर श्रवणयंत्राला पैसेच देत नाही. अशा वेळी नकार स्वाभिमानातून आला की खिशातून, हे बाहेरून ओळखता येत नाही.

भाषेची अडचण स्त्रियांना एका खास ठिकाणी नडते. मुलगा किंवा नातू दुभाषी असेल, तर लघवीवर ताबा नसणे, अंघोळीत पडणे या गोष्टी स्त्रिया डॉक्टरला सांगत नाहीत. सरकारी पैसा घेणाऱ्या आरोग्यसेवांनी दुभाषी विनामूल्य द्यावा, असा २०१० च्या आरोग्य कायद्याखालील नियम आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्रे दुकानात चिठ्ठीविना मिळू लागली. पण यंत्र निवडायचे, कानात बसवायचे आणि सवय करायची, तर शेजारी कुणी सांगणारे हवे. मेक्सिकोच्या सीमेवरील नोगालेस (ॲरिझोना) येथे ‘ओयेंदो बिएन’ या उपक्रमात हे काम ‘प्रोमोतोरा’ म्हणजे वस्तीतल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी केले. तेथील वर्ग स्पॅनिशमध्ये चालत आणि ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांबरोबर घरच्या माणसांनाही बोलावले जाई.