मॅन्झनार इरेइतो

मॅन्झनार इरेइतो : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्थानबद्ध केलेल्या जपानी वंशाच्या लोकांनी कॅलिफोर्नियातील मॅन्झनार छावणीच्या दफनभूमीत उभारलेला पांढरा स्मृतिस्तंभ. सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी, ओवेन्स खोऱ्यात 1942 ते 1945 या काळात ही छावणी होती. तेथील लोकसंख्या एके काळी दहा हजारांवर गेली होती. छावणीच्या काळात सुमारे 150 मृत्यू झाले. बहुतेकांचे दहन झाले. काटेरी कुंपणाबाहेरच्या या दफनभूमीत दफन केवळ पंधरा जणांचे झाले. त्यांपैकी अनेकांचे अवशेष नातेवाइकांनी पुढे हलविले, त्यामुळे आता सहाच थडगी उरली आहेत.

स्तंभ र्‍योझो कादो या गवंड्याने 9 क्रमांकाच्या ब्लॉकमधील रहिवासी व तरुण बौद्धांचा संघ यांच्या साहाय्याने बांधला. सिमेंटसाठी प्रत्येक कुटुंबाकडून 15 सेंट जमा केले गेले. कादो स्वतः कॅथलिक होते, त्यामुळे स्तंभाला निव्वळ बौद्ध स्मारक म्हणणे अपुरे ठरते. दर्शनी बाजूची तीन अक्षरे (‘इरेइतो’, म्हणजे ‘मृतात्म्यांच्या सांत्वनाचा मनोरा’) बौद्ध धर्मगुरू शिंजो नागातोमी यांच्या हातची आहेत. मागील लेखात ‘ऑगस्ट 1943’ एवढाच काळ दिला आहे. आपल्या पितृपंधरवड्यासारखा ओबोन हा जपानी पितृस्मरणाचा सण अनेक ठिकाणी याच महिन्यात येतो. मात्र तेवढ्यावरून उभारणीचा संबंध त्याच्याशी जोडणे धाडसाचे होईल.

मॅन्झनारला दरवर्षी स्मरणयात्रा निघते; तिच्यातील पहिली कोणती याबद्दल एकमत नाही. 27 डिसेंबर 1969 रोजी कडाक्याच्या थंडीत सुमारे दीडशे लोक, मुख्यतः तरुण कार्यकर्ते, येथे जमले. ही पहिली यात्रा असे सामान्यतः मानतात. तथापि सेन्तोकू मायेदा (बौद्ध) व शोइची वाकाहिरो (ख्रिस्ती) हे दोन वृद्ध धर्मगुरू छावणी बंद झाल्यापासून दरवर्षी मृतांसाठी प्रार्थना करण्यास येत होते. संघटित यात्रेचा आरंभ 1969 चा आणि स्मरणविधीचा त्याहून जुना, असे म्हणणे अधिक योग्य. आता एप्रिलच्या अखेरीस होणाऱ्या यात्रेत स्तंभाजवळ सर्वधर्मीय प्रार्थना होते. एरवीही लोक तेथे कागदी करकोचे व नाणी ठेवून जातात. 1992 मध्ये मॅन्झनारला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

अन्य छावण्यांतही शोकविधी होत. मात्र ते प्रशासनाच्या मर्जीवर अवलंबून असत. यूटामधील टोपाझ छावणीत 11 एप्रिल 1943 रोजी तेथील रहिवासी जेम्स वाकासा पहारेकऱ्याच्या गोळीने मरण पावले. अंत्यविधीसाठी स्त्रियांनी कागदी फुलांची मोठाली चक्रे केली. गोळी लागली त्या जागी विधी करण्यास परवानगी मिळाली नाही. तेथे रहिवाशांनी उभारलेले स्मारकही पाडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा त्यांनी त्याचा दगड तिथेच पुरला. तो 2021 मध्ये उकरून काढण्यात आला. आर्कान्सामधील रोवर छावणीच्या जागी सैन्यात भरती होऊन युद्धात पडलेल्या जपानी-अमेरिकन सैनिकांचे रणगाड्याच्या आकाराचे स्मारक आहे.

भारतात मलाया-सिंगापूरहून आणलेले जपानी नागरिक प्रथम दिल्लीच्या पुराना किल्ल्यात व नंतर राजस्थानातील देवली येथे ठेवले होते. त्यांचा विचार येथे केलेला नाही.