ट्वाइन की इन्फॉर्म? आधी ही टूल्स आली कुठून ते बघू

टेक्स्ट गेम, म्हणजे चित्रांऐवजी नुसत्या मजकुरातून खेळायचा गेम, बनवायला शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास हाच, ट्वाइन घेऊ का इन्फॉर्म? माझं म्हणणं असं की आधी ही कोणी आणि कशापायी बनवली ते बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

सगळ्याची सुरुवात गुहेत आहे, आणि तीही खऱ्या. विल क्राउदर हा बोस्टनजवळच्या बीबीएन कंपनीतला प्रोग्रामर, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर काम करायचा आणि सुट्टी मिळाली की केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये बायको पॅट्रिशियाबरोबर सरपटत जाऊन नकाशे काढायचा. मग घटस्फोट झाला, मुली दुरावल्या, आणि १९७५-७६ च्या सुमारास त्याने मुलींना खेळता यावं म्हणून फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेत 'अ‍ॅडव्हेंचर' लिहिला, त्यातली गुहा बरीचशी त्याच्या पायाखालची. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने त्यात भर घातली आणि मग तो जिकडेतिकडे पसरला. खेळणाऱ्याने टाइप करायचं फक्त दोन शब्दांत, 'घे कंदील' टाइपचं, आणि गेम प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं वाचायचा, कारण पीडीपी-१० या कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या एका कप्प्यात तेवढीच मावायची.

तो खेळून एमआयटीतल्या पोरांनी 'झॉर्क' केला, १९७९ ला इन्फोकॉम कंपनी काढली. आता अडचण अशी की घरगुती कॉम्प्युटर तेव्हा सतरा जातींचे, अ‍ॅपल टू वेगळा, टीआरएस-८० वेगळा, प्रत्येकासाठी गेम परत लिहायचा म्हणजे दिवाळंच, म्हणून त्यांनी एक काल्पनिक मशीन ठरवलं, झेड-मशीन. गेम त्या मशीनसाठी एकदाच लिहायचा आणि खऱ्या कॉम्प्युटरवर फक्त इंटरप्रिटर, म्हणजे तो गेम त्या कॉम्प्युटरवर चालवून देणारा प्रोग्राम, बदलायचा. ही युक्ती पुढे हौशी लोकांना केवढी कामाला येणार हे त्यांना तेव्हा काय माहीत!

इन्फोकॉमला १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने विकत घेतलं, १९८९ ला गाशा गुंडाळला. पण हौशींनी झेड-मशीन आतून उलगडून ठेवलं होतं, आणि १९९३ मध्ये ऑक्सफर्डच्या ग्रॅहम नेल्सन या गणितज्ञाने त्याच मशीनसाठी गेम बनवणारी भाषा काढली, इन्फॉर्म, तीही फुकट. १९९५ ला आयएफकॉम्प ही वार्षिक स्पर्धा सुरू झाली आणि हौशींना निदान एक डेडलाइन मिळाली, जी माझ्यासारख्याला फार लागते. २००६ मध्ये इन्फॉर्म ७ आलं, त्यात कोडच साध्या इंग्रजी वाक्यात, 'द किचन इज अ रूम' लिहिलं की स्वयंपाकघर तयार.

मराठीत गेम करायला गेलो तेव्हा मी इथेच अडकलो. मराठीत कोणी 'उघड दार किल्लीने' म्हणतं का? आपण म्हणतो 'किल्लीने दार उघड', क्रियापद शेवटी आणि वर ते 'ने' शब्दालाच चिकटलेलं. इन्फॉर्मचा पार्सर, म्हणजे खेळणाऱ्याने टाइप केलेलं वाक्य समजून घेणारा भाग, सुरुवातीला क्रियापद शोधतो, आणि ते अगदी क्राउदरच्या कंदिलापासून चालत आलेलं. ते वळवायला माझे दोन रविवार गेले आणि 'किल्लीने' म्हणजे किल्लीच हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

२००९ मध्ये क्रिस क्लिमसने ट्वाइन आणलं, त्यात पार्सरची भानगडच नाही. मजकूर लिहा, दोन-दोन चौकोनी कंसात [[माळ्यावर जा]] टाका, झाली लिंक, आणि त्या नावाचा रिकामा पॅसेजही, म्हणजे गोष्टीचं पुढचं पान, आपोआप बनतो. शेवटी हातात एक एचटीएमएल फाइल येते, ब्राउझरात उघडणारी, त्यामुळे देवनागरीचा काही त्रास नाही. ज्यांना प्रोग्रामिंगशी घेणंदेणं नव्हतं अशी कितीतरी माणसं याच दारातून आत आली, आणि जुन्या पार्सरवाल्यांनी 'याला काय गेम म्हणायचं का' म्हणून नाकंही मुरडली. इंकल कंपनीने आपली इंक ही भाषा २०१६ मध्ये खुली केली, तीही पर्याय निवडायच्याच गोष्टींसाठी.

तर मराठीत करायचं असेल तर ट्वाइन घ्या. इंग्रजीत करणार असाल आणि खेळणाऱ्याने कंदील शोधत अंधारात चाचपडावं असं वाटत असेल, तर इन्फॉर्म.